टाचणीबाईचं अडलेलं कडवं

आमच्या खालच्या मजल्यावर जी बाई राहते आणि त्याच जागेत शिवणाचं दुकान चालवते, तिला अख्खी गल्ली टाचणीबाई म्हणते. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. त्या तोंडात सकाळपासून टाचण्या असतात, ओठांच्या डाव्या कोपऱ्यात ओळीनं धरलेल्या, आणि उरलेल्या कोपऱ्यातून ती बोलते. तो उरलेला कोपराही तेवढाच टोचतो. मागच्या वर्षीचं माप चालेल का, असं एकीनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, मागच्या वर्षीची बाई घेऊन या, तिला चालेल. मी माप द्यायला उभी राहिले की पोट आत ओढते. ती टेप सैल धरून मुकाट वाट बघते, माझा श्वास सुटेपर्यंत. मग आकडा म्हणते, तोही असा की रस्त्यापलीकडच्या बेकरीत ऐकू जावा.

तरी गिऱ्हाईक तुटत नाही. तिनं शिवलेलं अंगात घातलं की आपण बऱ्या दिसतो, आणि बरं दिसण्यासाठी माणूस पुष्कळ ऐकून घेतं. तिचं पायाचं मशीन नेमकं माझ्या पलंगाखाली येतं, मधे काय ते एक छत. दुपारी आडवी झाले की पाठीखाली मशीन चालू. त्यामुळे खालचं सगळं मला ऐकू येतं. ऐकायचं नसलं तरी येतं, आणि ऐकायचं नसलं असं अजून झालेलं नाही.

तिला एक मुलगी आहे. दोन चौक सोडून राहते, गाडी चालवायला शिकवते. उंच, हडकुळी, आईसारखंच नाक, पण जिभेचा कारभार उलटा. आई सगळ्यांना बोलते, मुलगी कुणालाच बोलत नाही. शिकणाऱ्यानं गाडी भिंतीवर घातली तरी ही म्हणे समोर बघत बसते, तो स्वतःहून माफी मागेपर्यंत. मायलेकींचं भांडण आहे असं गल्लीत म्हणतात, ते साफ खोटं. भांडण असतं तर मला ऐकू आलं असतं. मुलगी अधूनमधून यायची, आईची औषधं टेबलावर ठेवायची, बरी आहेस ना, एवढं विचारायची. त्यावर टाचणीबाई तिच्या केसांवर, चपलांवर, नवऱ्याच्या नोकरीवर एकेक टाचणी मारायची. मुलगी ऐकून घ्यायची आणि जायची. जाताना दार अगदी सावकाश लावायची. ते दार आपटलं असतं तर खालच्या बाईला बरं वाटलं असतं, हे मला पुढं नाटकाच्या भानगडीत कळलं.

नाटक काढलं मोठ्या बाईंनी. मोठ्या बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आता निवृत्त, पण घंटा अजून डोक्यात वाजते. शाळा हातातून गेल्यावर त्यांनी गल्ली हातात घेतली. त्यांनी ठरवलं की आपण सगळ्या बायकांनी मिळून एक संगीत नाटक रचायचं. आजी, आई, मुलगी, अशा पिढ्या. लेखक नाही, कवी नाही. प्रत्येकीनं आपल्या आईकडून, आजीकडून ऐकलेली गाणी आणायची, मांडायची, जोडायची. प्रयोग वाचनालयाच्या सभागृहात.

तालमींना जागा हवी होती. वाचनालय संध्याकाळी भाडं मागत होतं, आमच्या घरात आमचे हे टीव्ही बंद करायला तयार नव्हते, बेकरीवालीच्या भट्टीपाशी उभं राहवत नव्हतं. राहिलं टाचणीबाईचं दुकान. तिथं कापड बेतायचं लांबरुंद टेबल आहे, भोवती सगळ्याजणी मावतात. टाचणीबाईनं कुणाला या म्हटलं नाही. पाय पुसा, एवढंच म्हणाली.

त्या टेबलाचाच एक नियम पडून गेला. जिनं गाणं आणलं तिनं ते म्हणताना टेबलावर हात ठेवायचा. हात टेबलावर आहे तोवर गाणं तिचं. तिनं हात उचलला की ते सगळ्यांचं. मग कुणीही त्यात शब्द घालावा, ओळ काढावी, चाल फिरवावी. बेकरीवालीनं आजीचं जात्यावरचं गाणं म्हटलं आणि लगेच हात उचलला, कारण तिला घरी जायचं होतं. माझ्या आईचं एक गाणं होतं, त्यातला नवरा इतका सुधारला गेला की मी त्याला ओळखलंच नाही. भूमिकाही तिथंच वाटल्या. मला भोचक शेजारीण दिली. मोठ्या बाई म्हणाल्या, तुम्हाला तालमीची गरज पडायची नाही.

टाचणीबाई मशीनवर बसून सगळ्यांची फजिती बघत होती. मोठ्या बाईंनी भीतभीत विचारलं, की कपडे तुम्ही शिवाल का. ती म्हणाली, शिवते, शिलाई नको. आम्ही एकमेकींकडे बघितलं. फुकट हा शब्द त्या दुकानात याआधी कुणी ऐकला नव्हता. मग तिनं मशीन थांबवलं, तोंडातल्या टाचण्या काढून टाचण्यांच्या गादीत खोचल्या, आणि अट सांगितली. तिच्या घरातलं एक गाणं नाटकात घ्यायचं, आहे तसं, आणि ते तिच्या मुलीनं म्हणायचं.

एवढं बोलून ती टेबलापाशी आली, हात ठेवला आणि गायला लागली. तिचा आवाज फाटलेला आहे, मशीनवरून ओरडून ओरडून गेलेला, पण पाय खाली जमिनीवर ठेका धरत होता, जसा मशीनवर धरतो.

चाल मशिनी चाल, गं, पायाखालची वाट,
आईनं दिला धागा, त्याला पहिलीच गाठ.

हे धृपद. मग कडवी. पहिलं तिच्या आईनं स्वतःच्या आईवर केलेलं:

माझ्या गं आईनं केली वाटणी न्यायाची,
भावाला दिली साय, मला भांडी घासायाची.

आणि दुसरं तिनं स्वतः, आपल्या आईवर:

माझ्या गं आईनं मला शिवाया बसवलं,
खेळाया मी गेले, तिनं अंगण उसवलं.

बेकरीवाली फसकन हसली. मोठ्या बाई हसल्या नाहीत. आईबद्दल असं म्हणतात का, असं त्यांच्या कपाळावर लिहिलेलं होतं. टाचणीबाईनं सांगितलं, आमच्या घरात हे असंच. प्रत्येक मुलीनं आईवर एक कडवं करायचं, तक्रारीचं, आणि आईच्या तोंडावर म्हणायचं. कडवं म्हणेपर्यंत मुलीनं आईचं नुसतं ऐकून घ्यायचं. म्हटल्यावर दोघींनी भांडायचं, बरोबरीनं. ती म्हणाली, "मी माझं म्हटलं तेव्हा आई दिवसभर माझ्याशी वचावचा भांडली. त्याआधी नुसती ओरडायची."

मग तिसरं कडवं कुठं आहे, असं मी विचारलं. शेजारीण आहे मी, विचारणारच. टाचणीबाईनं माझ्याकडे असं बघितलं की मला माझं माप आठवलं. "तिचं तिला म्हणू दे," म्हणाली. टेबलावरचा हात तिनं उचलला नाही. सगळ्या गेल्यावर दिवा बंद करायला उठली तेव्हाच उचलला असेल.

मोठ्या बाई मुलीकडे गेल्या. आम्हाला वाटलं, ती नाही म्हणेल. ती हो म्हणाली, पण तिच्याही अटी होत्या. तालमीत ती गाईल तेव्हा आईनं समोर बसायचं नाही. आणि जुनी दोन कडवी म्हणेल, तिसरं नाही. का, असं विचारल्यावर ती म्हणाली, माझी आईबद्दल काही तक्रार नाही.

हा निरोप मोठ्या बाईंनी खुशीत आणला. बघा, किती समंजस मुलगी, म्हणाल्या. टाचणीबाईचा चेहरा मी पाहिला. तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं, नाहीतर ती काय बोलली असती कुणास ठाऊक. मोठ्या बाई गेल्यावर ती मशीनकडे बघत म्हणाली, "तक्रार नाही, असं म्हणाली ती. मला. तक्रार नाही असं माणूस बँकेत म्हणतं."

त्या दिवसापासून तिनं मुलीला छळायला सुरुवात केली. समोर बसायचं नाही अशी अट होती ना, मग ती पडद्याआड बसायला लागली, जिथं बायका कपडे बदलतात तिथं. मुलगी गात असली की पडद्याआडून आवाज यायचा, श्वास कुठं घेतेय बघा, पंक्चर झाल्यासारखा. मुलीचा आवाज, खरं सांगते, ऐकत राहावा असा होता. आपल्या गल्लीत असा आवाज आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. पण आई टोमणा मारी आणि ती पाणी प्यायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. एकदा पडद्याआडून नवऱ्याचा उद्धार झाला, एकदा सासूचा, एकदा तिच्या गाडीच्या रंगाचा. मुलगी पाणी प्यायची. मला वाटलं होतं, टाचणीबाईला मुलीचा राग आलाय. आलाच होता. पण ती बाई त्या पडद्याआडून गळ टाकून बसली होती. तिला एक शिवी हवी होती, यमक जुळलेली.

मोठ्या बाईंना यातलं काही दिसलं नाही. त्यांना दिसली दुरावलेली मायलेक. आणि शाळेत जिथं जिथं काही दुरावलं, तिथं त्यांनी गीत लिहिलं होतं. त्यांनी तिसरं कडवं स्वतःच लिहिलं, सुंदर अक्षरात, आणि मुलीला देऊन सांगितलं, आईला कळू देऊ नका, प्रयोगाच्या दिवशी आनंदाचा धक्का देऊ. मुलीनं ते वाचलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात पहिल्यांदा काहीतरी हललं, आईच्या टाचण्या असतात त्याच कोपऱ्यात. म्हणते, म्हणाली. आणि तालमीत, आई पडद्याआड आहे हे पक्कं माहीत असताना, अगदी स्वच्छ आवाजात म्हटलं:

माझी आई मायेची, जणू दुधावरची साय,
तिच्यापुढे देवाचेही झुकती दोन्ही पाय.

पडदा बाजूला झाला. टाचणीबाई बाहेर आली ती मुलीकडे न बघता थेट मोठ्या बाईंकडे. पाय झुकत नाहीत, म्हणाली, मान झुकते. पाय झुकले की माणूस पडतो. मोठ्या बाई म्हणाल्या, कवितेत चालतं. टाचणीबाई म्हणाली, माझ्या दुकानात चालत नाही. मोठ्या बाईही काही कमी नाहीत, त्यांनी हजारो मुलींना गप्प केलंय. म्हणाल्या, तुमच्या मुलीला तुमच्याबद्दल चांगलं बोलावंसं वाटतं, हे तुम्हाला सहन होत नाही, तुमच्यासारखी खडूस आई मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. टाचणीबाई म्हणाली, मग तुम्ही करा माझ्यावर कडवं, निदान तुम्हाला तक्रार तरी आहे.

मग ती मुलीकडे वळली. कौतुकाचं कडवं आमच्यात कधी म्हणतात ते तुला माहीत आहे, एवढंच म्हणाली. मुलगी म्हणाली, माहीत आहे. आम्हाला माहीत नव्हतं. ते बेकरीवालीनं भाबडेपणानं विचारलं, तेव्हा टाचणीबाईनं सांगितलं: बाई मेल्यावर.

तिनं सगळे शिवलेले कपडे कपाटात घातले, कुलूप लावलं, किल्ली ब्लाउजमध्ये टाकली आणि आम्हाला दुकानाबाहेर काढलं. पाय पुसा असंही म्हणाली नाही.

प्रयोग तोंडावर आला होता. सभागृह ठरलेलं, पत्रकं भिंतींवर लागलेली, आणि आमच्या पिढ्यानपिढ्यांच्या बायका कपाटात कोंडलेल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, साध्या कपड्यांत करू. कोरसमधल्या बायका म्हणाल्या, मग आम्ही येत नाही. टाचणीबाईनं शिवलेलं घालायला मिळणार म्हणून निम्म्या जणी नाटकात आल्या होत्या, हे तेव्हा उघडं पडलं. टाचणीबाईशी बोलायला कुणी धजेना. मग मी काय केलं, तर गाडी शिकायला नाव घातलं.

आमचे हे म्हणाले, या वयात? मी म्हटलं, या वयातच.

मुलीनं मला बघून गाडीचं दार उघडलं. पट्टा बांधा मावशी, म्हणाली. मी गाडी सुरू केली, ती उड्या मारत बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मागचे हॉर्न वाजवत होते. ती समोर बघत होती. मला घाम फुटला, आणि घाम फुटला की मी बोलते. मी सरळ विचारलं, की बाई गं, एक कडवं तोंडावर फेकून मोकळी का होत नाहीस, आम्ही सगळ्या कपड्यांवाचून बसलोय.

तिनं वरचा आरसा सारखा केला. मी तेवढ्यात एक सायकलवाला वाचवला. मग तिनं सांगितलं. शाळेचं गॅदरिंग होतं, ती लहान होती, एकटीनं गायचं होतं. कपडा आईनंच शिवलेला. पहिलं कडवं झालं, सभागृह अगदी शांत, आणि ती डोळे मिटून गात होती. डोळे उघडले तर आई समोर. म्हणजे समोर खुर्चीत नाही, स्टेजवर. झग्याच्या घेराची तुरपाई एका जागी सुटून दुमड लोंबत होती, तेवढं आईला खुर्चीतून दिसलं. ती तोंडात टाचण्या धरून वर चढली, सगळ्यांदेखत गुडघ्यावर बसली, घेर टाचायला लागली, आणि टाचता टाचता म्हणाली, तू गा. लोक हसले. मुलगी गायची थांबली. त्यानंतर ती या नाटकापर्यंत कुठंच गायली नव्हती.

"मी थांबले ते तिला आठवत नसेल," ती म्हणाली. "तिला घेर आठवत असेल."

मी म्हटलं, मग तेच म्हण ना कडव्यात. त्यावर ती हसली, गोड नाही, आईसारखं. म्हणाली, "तिला कडवं हवंय ते मला कळत नाही होय, मावशी? म्हटलं की ती जिंकली. आणि मी गात असताना ती पुन्हा वर चढणार. एक दोरा लोंबलेला दिसला तरी तिला दम निघत नाही." मग गाडी कडेला घ्या म्हणाली. मी घेतली, फुटपाथवर. मग म्हणाली, सांगा तिला, मी स्टेजवर असताना ती जागची हलली नाही, तर बघू.

हा निरोप मी जसाच्या तसा खाली पोचवला. हो, जसाच्या तसा. गॅदरिंगचं थोडं रंगवून सांगितलं असेल. टाचणीबाई काज करत होती. ऐकून घेतलं. मग म्हणाली, डावीकडची तुरपाई होती, दोरा कच्चा निघाला, त्या दुकानातून मी पुन्हा रीळ घेतलं नाही. म्हणजे मुलीनं ओळखलं ते खरंच होतं, घेरच आठवत होता. पण काज अर्धवट टाकून ती उठली, ब्लाउजमधली किल्ली काढली आणि कपाट उघडलं. मुलीचा झगा बाहेर काढून तिनं त्याच्या घेरावर सगळीकडून पुन्हा तुरपाई घातली, पक्की, दुहेरी दोऱ्यानं. म्हणाली, हा आता बैलाला बांधला तरी सुटायचा नाही. मोठ्या बाईंना निरोप गेला की कपडे मिळतील, फक्त देवाचे पाय काढा. त्या काढतो म्हणाल्या, पण तिच्याशी बोलल्या नाहीत, आजतागायत बोललेल्या नाहीत.

प्रयोगाच्या दिवशी सभागृह भरलं. भरणारच, अर्धी गल्ली स्टेजवर होती आणि उरलेली तिला हसायला आली होती. जात्याचं गाणं झालं, माझी शेजारीण झाली, टाळ्या पडल्या. त्याबद्दल मी स्वतः काय सांगणार. मी आत आले ती विंगेत टाचणीबाईशेजारी उभी राहिले. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप. कपडे सांभाळायला म्हणून ती विंगेत होती, आणि तिला तिथं उभं राहू दिलं म्हणून मोठ्या बाई पलीकडच्या विंगेतून डोळे वटारत होत्या.

मुलगी स्टेजवर गेली. कोरसनं पायांनी मशीनचा ठेका धरला. तिनं धृपद घेतलं आणि सभागृहातली खोकणारी माणसं खोकायची थांबली. आजीचं कडवं झालं, भांडी घासायाची, बायका हसल्या. मग ती दुसऱ्या कडव्यासाठी वळली आणि मला तो घेर दिसला. डावीकडे, हातभर, दुमड सुटून लोंबत होती.

मला दिसली म्हणजे टाचणीबाईला कधीच दिसली होती. तिचा उजवा पाय पुढं आला. मी तिचा दंड पकडला. लोखंडी दंड आहे त्या बाईचा. मी कानात म्हटलं, हललात तर संपलं. तिनं टाचण्यांवर दात इतके आवळले होते की मला बारीक कर्र असा आवाज आला. मुलगी गात होती, अंगण उसवलं, आणि गाता गाता चालत चालत अगदी आमच्या विंगेजवळ आली. दुमड आमच्या समोर, हात लांब केला तर टाचता येईल अशी. पुढच्या रांगेतल्या बायकांनीही ती बघितली, कुजबुज झाली. टाचणीबाईचे हात वर आले आणि हवेतच थांबले. मग तिनं टेपची दोन्ही टोकं मुठीत धरली आणि तिथंच उभी राहिली.

कोरसनं धृपद दोनदा म्हटलं, कारण पुढं काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मुलीनं विंगेत बघितलं. आईकडे, सरळ. डोळे न मिटता म्हणाली:

माझ्या गं आईनं माझं आयुष्य बेतलं,
गाणं आलं ओठी, तेही टाचून घेतलं.

मी टाचणीबाईकडे बघितलं. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं, तसं कुणी सांगत असेल तर ते मोठ्या बाई सांगत असतील. तिनं मान ताठ केली आणि सभागृहाकडे असं बघितलं, जसं काही तिच्या नावाचा सत्कार चाललाय.

पडदा पडल्यावर ती तडक मुलीपाशी गेली आणि गुडघ्यावर बसून घेर हातात घेतला. दोऱ्याची टोकं बघितली. हा सुटलेला नाही, म्हणाली, ब्लेडनं उसवलाय.

"हो," मुलगी म्हणाली.

"माझं काम उसवलंस."

"बघायचं होतं, येतेस का."

टाचणीबाई तोंडातली एकेक टाचणी काढून घेराला लावायला लागली. एक जरा जास्तच आत गेली, मुलगी स्स् म्हणाली. टोचू दे, आई म्हणाली, बेतलंवर सूर खाली आला तुझा. मुलगी म्हणाली, तुझ्या चेहऱ्याकडे बघून आला. आई म्हणाली, चेहरा काय आज बघितलास, इतकी वर्षं तोंड शिवून बसली होतीस तेव्हा कुठं बघत होतीस. मुलगी म्हणाली, तोंड शिवलं कुणी. आणि तिथून जे सुरू झालं, त्यात नवरा आला, सासू आली, गॅदरिंग आलं, गाडीचा रंग आला, औषधांच्या वेळा आल्या. कोरस कपडे बदलायचा थांबला. मोठ्या बाई दोघींच्या मधे पडायला निघाल्या, तेव्हा बेकरीवालीनं त्यांना खुर्चीत बसवून पाणी दिलं. वाचनालयाचा शिपाई दिवे घालवायला आला आणि तसाच उभा राहिला.

आता मुलगी एक दिवसाआड येते. दार आपटते. दुपारी मी आडवी होते तर खाली मशीन आणि मशीनवर दोघींचे आवाज. परवा बाह्यांवरून वाजलं, काल मशीनला तेल कुणी जास्त घातलं यावरून. टाचणीबाईनं तेवढ्यात दुसऱ्या एकीचं माप घेतलं आणि आकडा मोठ्यानं सांगायला विसरली, इतकी ती रंगली होती. माझी झोप गेली ती गेलीच, आणि गाडीही अजून येत नाही. मुलगी आता मलाही बोलायला लागली आहे, क्लचवरून.

त्या दोघींचं अजून एकाही गोष्टीवर जमलेलं नाही. काल मात्र पहिल्यांदाच दोघी एकदम, एका आवाजात ओरडल्या. म्हणाल्या, वरची, खिडकी लावून घे. मी लावली. आमच्या न्हाणीघराची झडप खालच्याच अंगाला उघडते, तिच्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.